डबा आधी दाखवतात, मग बोल्ट खोलतात

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आतल्या गल्लीत एक गॅरेज आहे. एक लिफ्ट, एक मिस्त्री, हाताखाली त्यांचा भाचा आणि भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट. माझ्या होंडा सिटीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मी तिथे तीन वेळा बदलून घेतलं, दर वेळी सांगलीहून पन्नासेक किलोमीटर गाडी चालवत जाऊन. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण मिस्त्रींनीच नको म्हणून सांगितलं. ऑटोमॅटिकच्या आठवड्याला तीन-चार गाड्या एवढंच काम ते घेतात आणि फोन उचलायला तिथे वेगळं माणूस नाही. काम कसं करतात ते लिहायला मात्र त्यांची हरकत नाही, आणि मला तेच लिहायचं आहे. म्हणजे तुमच्या गावच्या गॅरेजात तुम्हाला काय विचारायचं ते कळेल.

गाडी २०१५ची, पेट्रोल, सीव्हीटी, म्हणजे पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिकचा प्रकार. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच दाबणं जमेना, म्हणून ओळखीतून ही सेकंडहँड घेतली. वापर फार नाही. विश्रामबागेतून मंडईत, महिन्यातून एकदा कोल्हापूर, आणि वर्षातून तीन-चारदा माहेरी देवरुखला. म्हणजे मलकापूर, आंबा घाट, साखरपा. हा घाट गाडीची परीक्षा घेतो.

जानेवारीत सांगलीतल्या एका मोठ्या गॅरेजात सर्व्हिसिंगला टाकली होती. तिथल्या माणसाने सांगितलं, गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला झालंय. आधीच्या मालकाकडे त्याची नोंद नव्हती, म्हणून मी हो म्हटलं. संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून हातात आली. बिलावर एक ओळ होती: ‘गिअर ऑइल (ऑटो), ४ लि.’ बस्स. कंपनी नाही, ग्रेड नाही, पार्ट नंबर नाही.

मी ३१ वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. साठा लावणं, द्रावणं करून ठेवणं, मुलांच्या टेबलावर बाटल्या मांडणं हे माझं काम होतं. तिथला पहिला नियम असा, की लेबल नसलेली बाटली वापरायची नाही, मग ती कितीही ओळखीची वाटो. सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल शेजारी ठेवलं तर दोन्ही पाण्यासारखीच दिसतात. इतकी वर्षं हे पाळलेल्या बाईने ते बिल घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि घरी आली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मे महिन्यात देवरुखहून परतताना साखरप्याच्या पुढे चढ लागला आणि गाडी थरथरायला लागली. वेग वीस-तीसच्या मध्ये असताना, ॲक्सिलरेटर हलका दाबला की खाली रंबल स्ट्रिप, म्हणजे रस्त्यावरच्या उंचवट्याच्या पट्ट्या, असाव्यात तसं वाटायचं. एका वळणावर इंजिनाचा आवाज चढला, आरपीएमचा काटा वर गेला, पण गाडीने तेवढी ओढ घेतली नाही. मागे एसटी होती. आंब्याला चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली आणि ते बिल काढून पुन्हा वाचलं.

त्या गॅरेजला नंतर तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा उत्तर मिळालं, “मॅडम, ऑटोमॅटिकचंच टाकलंय.” दुसऱ्यांदा, “चांगल्या कंपनीचं असतंय आपल्याकडं.” तिसऱ्यांदा, “स्टोअरला बघून कळवतो.” कळवलं नाही. त्यांनी चुकीचं ऑइल टाकलं असं मी म्हणत नाही, कारण ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. काय टाकलं याचं उत्तरच त्यांच्याकडे नव्हतं, आणि माझी तक्रार तीच आहे.

जयसिंगपूरच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला उद्यमनगरचा पत्ता दिला. त्याची स्वतःची गाडी तिथे जाते.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. विचारलं, “या आधी कुठलं ऑइल पडलंय?” मी बिल दिलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. “यावर नावच नाही की मॅडम.” मग ग्लोव्ह बॉक्समधलं मालकासाठीचं पुस्तक मागून घेतलं, मागची पानं उलटली, तांत्रिक माहितीचा तक्ता काढला आणि बोट ठेवून मला वाचायला लावलं: सीव्हीटी फ्लुइड, होंडा एचसीएफ-२. एका चिठ्ठीवर तेवढंच लिहून दिलं आणि म्हणाले, “डबा तुम्हीच आणा. कंपनीच्या पार्टच्या काउंटरवरनं, बिल घेऊन, सील बघून. मी आणला तरी तुम्हाला शंका राहणार. तुमच्या हातचा असला की तुम्हालाही शांत, मलाही शांत.”

स्वतःचं ऑइल विकून त्यावर चार पैसे मिळवायचे सोडून गिऱ्हाइकालाच काउंटरवर पाठवणारा मिस्त्री मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला.

काउंटरवर गेल्यावर त्यांनी चिठ्ठी का दिली ते कळलं. होंडाचीच एकाहून अधिक ऑइलं असतात. एकावर एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) डीडब्ल्यू-१ असं लिहिलेलं. ते गिअरवाल्या नेहमीच्या ऑटोमॅटिकसाठी, म्हणजे २००८ ते २०१३च्या सिटीत जो पाच गिअरचा ऑटोमॅटिक होता तसल्यांसाठी. दुसरं एचसीएफ-२, ते माझ्या गाडीच्या पिढीतल्या सीव्हीटीसाठी. त्याच्याही आधीच्या सीव्हीटींसाठी मल्टिमॅटिक नावाचं तिसरं होतं. तिन्हींवर होंडाचं नाव. ‘होंडा सिटी ऑटोमॅटिकचं ऑइल द्या’ असं कोणी म्हटलं तर त्या एका वाक्यात किमान दोन वेगळे गिअरबॉक्स बसतात. सांगलीच्या गॅरेजातला मुलगा खोटं बोलत नसेलही. ‘ऑटोमॅटिकचंच’ हे त्याचं उत्तर त्याच्या परीने खरं असेल. पण ते उत्तर अपुरं आहे, आणि ज्याने गाडी खोलली त्याला ते अपुरं आहे हे ठाऊक असायला हवं होतं.

एक ऑइल दुसऱ्याच्या जागी का चालत नाही, हे मिस्त्रींनी मला लिफ्टखाली उभं करून सांगितलं, आणि थोडं मी माझ्या विषयातून जोडून घेतलं. गिअरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या चकत्या असतात, त्यांच्यावर कागदासारख्या पदार्थाचं अस्तर असतं आणि त्या ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. गिअर बदलताना त्या एकमेकींना हळूच, धक्का न देता धरायला हव्यात. त्यासाठी ऑइलमध्ये घर्षण ताब्यात ठेवणारे रेणू घालतात. लांब शेपटीचे रेणू, ज्यांचं एक टोक धातूला चिकटतं आणि शेपटी बाहेर राहते. वरून साबणासारखा गुळगुळीतपणा येतो. आता सीव्हीटी पाहा. तिथे एकामागून एक बदलायचे गिअरच नाहीत. दोन पुली, प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन शंकू, आणि त्यांच्यामधून फिरणारा पोलादी पट्टा. पातळ पोलादी तुकडे कड्यांवर ओवून तो केलेला असतो. गाडीची सगळी ओढ पट्टा आणि पुली यांच्या पकडीवर. पोलादावर पोलाद, मध्ये ऑइलचा पापुद्रा. पट्टा सुटता कामा नये आणि धातू झिजताही कामा नये, ही दोन्ही कामं त्या पापुद्र्याची. तिथे गुळगुळीतपणा जास्त झाला की पट्टा घसरतो, आणि एकदा घसरून पुलीवर ओरखडे उठले की ते भरून येत नाहीत. माझ्या गाडीत इंजिन आणि सीव्हीटीच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टरही आहे, म्हणजे इंजिनाची ओढ ऑइलमधून पुढे देणारा भाग, आणि त्यात ती ओढ थेट जोडून देणारा लॉक-अप क्लच आहे. म्हणजे एकाच ऑइलला क्लचलाही सांभाळायचं आणि पट्ट्यालाही. असं ऑइल त्या गिअरबॉक्ससाठी ठरवूनच बनवावं लागतं.

या घर्षण सांभाळणाऱ्या रेणूंचा इतिहास मला माहीत होता आणि तो मी मिस्त्रींना सांगितला. जनरल मोटर्सने १९४९ साली ‘टाइप ए’ नावाचं ऑटोमॅटिकचं ऑइल ठरवून दिलं. त्या काळापासून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत अशा ऑइलांमध्ये स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. त्यातली मेणासारखी एस्टरं उष्णतेला टिकत आणि क्लच मऊ धरत. मग देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळालं, ते तेल बंद झालं आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. तो काळ कंपन्यांना जड गेला. पण त्याच काळात फोर्डचं ‘टाइप एफ’ मुद्दाम हे रेणू न घालता बनवलेलं असायचं, कारण फोर्डच्या त्या गिअरबॉक्सना कडक पकड हवी होती. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीही लालच दिसणारी दोन ऑइलं एकमेकांच्या उलट वागायची. मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून ऐकत होते. भाच्याला म्हणाले, “ऐक, लाल म्हणजे लाल नव्हं.”

रंगाचं हे मलाही तिथेच पक्कं कळलं. मी विचारलं होतं, निघालेल्या ऑइलच्या रंगावरून आधी काय टाकलं होतं ते सांगता येईल का? ते म्हणाले, “नाही. रंग वरनं घातलेला असतोय. कुणी लाल घालतंय, कुणी हिरवा. आणि चार-पाच महिने चालल्यावर सगळं एकाच रंगाचं होतंय.” ज्याला एवढं माहीत आहे आणि माहीत नसलेल्यावर जो अंदाज ठोकत नाही, त्याच्या हाती गाडी द्यायला मला काही वाटलं नाही.

कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊला पोचले. मिस्त्रींनी माझ्याच पिशवीतला डबा काढून माझ्यासमोर धरला, नाव मोठ्याने वाचलं, सील दाखवलं, पुस्तकाच्या पानाशेजारी ठेवून भाच्याकडून फोटो काढून घेतला. त्यानंतरच ड्रेनचा बोल्ट खोलला. निघालेलं ऑइल मापाच्या जगमध्ये घेतलं: ३ लिटर ३०० मिली. मी घरून १०० मिलीची स्वच्छ बाटली नेली होती, तिच्यात नमुना घेतला, लेबल लावलं, तारीख आणि किलोमीटर लिहिले. ऑइल काळपट होतं, किंचित करपल्याचा वास होता. ड्रेनच्या बोल्टला लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा लेप जमला होता. मिस्त्रींनी तो दोन बोटांत चोळून उन्हात पाहिला. पिठासारखा बारीक असेल तर ती नेहमीची झीज, म्हणाले, चमकणारे कण किंवा धातूचा कीस दिसला असता तर मी ऑइल न घालता तुम्हाला गिअरबॉक्स खोलणाऱ्याकडे पाठवलं असतं. कीस नव्हता. बोल्टचा वॉशर नवा घातला, तो दर वेळी नवाच घालायचा असतो. जुन्यावर दाबून बसवला की आठवड्याने फरशीवर थेंब दिसतात.

निघालं तेवढंच घालून ते थांबले नाहीत, आणि इथे मला त्यांचं खरं कौतुक वाटलं. “आधी बरोबर भरलं होतं हे कुणी सांगितलंय?” असं म्हणून त्यांनी लॅपटॉपवर या मॉडेलची सर्व्हिसची पानं काढली, गाडी गरम केली, ब्रेक दाबून सगळ्या स्थितींतून लिव्हर फिरवला आणि पातळी त्यात दिली होती तशीच तपासली. आणखी २०० मिली लागलं. म्हणजे सांगलीत नाव तर लिहिलं नव्हतंच, मापही कमी भरलं होतं.

पातळी तपासायची रीत गाडीगणिक किती बदलते ते मी तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पाहिलं. माझ्यानंतर लिफ्टवर एक इनोव्हा क्रिस्टा आली, ऑटोमॅटिक. टोयोटाचं ऑइल म्हणजे डब्ल्यूएस, आणि तिच्या गिअरबॉक्सला तपासायची पट्टीच नाही. खाली एक बोल्ट आहे, ऑइल ठरलेल्या तापमानाला असताना तो काढायचा, जास्तीचं ओघळून जाईपर्यंत थांबायचं आणि धार थेंबांवर आली की बंद करायचा. भाच्याने स्कॅनर लावून तापमान वाचत ठेवलं होतं. ऑइल तापलं की फुगतं, हे शाळेतलंच. फार तापल्यावर बोल्ट काढला तर गरजेचंही वाहून जाणार आणि गाडी थंड झाल्यावर कमी पडणार. गार असताना काढला तर जास्त भरलं जाणार. पट्टी असलेल्या गाड्यांतही एकवाक्यता नाही. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून पट्टी पाहतात, होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद करून दीड मिनिटाच्या आत. ज्याने ते पान वाचलेलं नाही तो चांगलं ऑइल घालूनही चूक करून बसेल.

दुपारी एक गृहस्थ क्रेटा घेऊन आले. डबा स्वतःच आणला होता, एसपी-३चा. मिस्त्रींनी परत पाठवलं. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-३, यांच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-४, आणि एसपी-४ हे एसपी-३पेक्षा पातळ असतं. गृहस्थ म्हणाले, एका आकड्याचा तर फरक. मिस्त्री म्हणाले, “आकडाच वाचायचा असतोय साहेब.” नंतर मी घरी येऊन जनरल मोटर्सच्या डेक्स्रॉन या ऑटोमॅटिकच्या ऑइलचे आकडे पुन्हा पाहिले. १०० अंश तापमानाला जुनं डेक्स्रॉन-३ साधारण सात-साडेसात सेंटिस्टोक (दाटपणाचं माप, आकडा मोठा तेवढं जाड) असायचं. २००५च्या डेक्स्रॉन-६ला वरची मर्यादाच ६.४ची. ज्या गिअरबॉक्सच्या बारीक वाहिन्या आणि व्हॉल्व्ह पातळ ऑइल धरून आखलेत, त्यांत जाड घातलं तर दाब वेळेवर पोचत नाही. साहेब तासाभराने योग्य डबा घेऊन परत आले, हे मला आवडलं.

एक वॅगनआरही होती, एएमटीची, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल. मालकीणबाईंना कोणीतरी ऑटोमॅटिकचं ऑइल बदलून घ्या म्हणून सांगितलं होतं. मिस्त्रींनी त्यांना नीट समजावलं. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेला हा प्रकार आतून मॅन्युअलच असतो, क्लचही तोच. फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं हे काम यंत्र करतं. त्याला गिअर ऑइल लागतं, आणि क्लच हलवणाऱ्या यंत्राचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं. लाल एटीएफचा त्याच्याशी संबंध नाही. आपण दोन पेडलच्या सगळ्याच गाड्यांना ऑटोमॅटिक म्हणतो, त्यामुळे हा घोटाळा रोज होत असणार. फोक्सवॅगनची डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, तर आणखी वेगळी. सहा गिअरची ओल्या क्लचची वेगळी, सात गिअरची कोरड्या क्लचची वेगळी. त्या गाड्या मिस्त्री घेत नाहीत. हत्यारं नाहीत म्हणून नाही म्हणतो, असं स्पष्ट सांगतात.

कपाटात त्यांनी एक ‘सर्व गाड्यांना चालणारं’ ऑइलही दाखवायला ठेवलं आहे, विकायला नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पन्नासेक नावं. तिथे लिहिलेलं असतं ‘वापरण्यास योग्य’. गाडीच्या कंपनीने तपासून मान्यता दिली, असा त्याचा अर्थ होत नाही. ऑइल बनवणाऱ्याने स्वतःच केलेला तो दावा असतो. काही चांगलीही असतील. पण गाडीच्या पुस्तकात एकच नाव दिलेलं असताना आणि ते ऑइल दहा किलोमीटरवर मिळत असताना मी दाव्यावर का जावं? माझ्या गिअरबॉक्सची किंमत त्या डब्याच्या कितीतरी पट आहे.

आता तीन खेपा का, ते. गिअरबॉक्समधलं सगळं ऑइल ड्रेनमधून निघतच नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, वाहिन्यांमध्ये बरंच अडकून राहतं. मिस्त्री म्हणाले, अर्ध्याच्या थोडं वर निघतं असं धरा. मशीन लावून जोराने धुऊन काढणारे आहेत, पण ते काम हे करत नाहीत. घालायचं, चालवायचं, पुन्हा काढायचं. हे ऐकून मला ब्युरेट, म्हणजे प्रयोगशाळेतली द्रावण मोजून सोडायची काचेची नळी, आठवली. ब्युरेट विसळताना एकदाच काठोकाठ भरून ओतायची नाही, थोड्या थोड्या द्रावणाने तीनदा विसळायची, हे मी दर जून महिन्यात नव्या मुलांना सांगत आले. दर वेळी अर्धं बदललं तर पहिल्या खेपेनंतर जुनं ५० टक्के राहतं, दुसऱ्यानंतर २५, तिसऱ्यानंतर साडेबारा. अर्ध्याहून जास्त निघत असेल तर त्याहूनही कमी. मी कागदावर हे मांडून दाखवलं तेव्हा मिस्त्रींनी तो कागद मागून घेतला. तो आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

नेहमीच्या बदलाला तीन खेपा लागत नाहीत, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आत योग्यच ऑइल आहे याची खात्री असेल तर एकदा पुरतं. माझ्या बाबतीत आत काय आहे हेच माहीत नव्हतं, म्हणून हा खर्च. शेवटी तो त्या नाव नसलेल्या बिलाचाच खर्च आहे.

पैशाचं सांगते. मजुरी दर खेपेला ८०० रुपये, वॉशरचे पैसे वेगळे, किरकोळ. ऑइलचे चार-चार लिटरचे तीन डबे मी घेतले, भाव काउंटरवर छापील किमतीनेच, पक्कं बिल. उरलेलं ऑइल ते स्वतःकडे ठेवत नाहीत. झाकण घट्ट लावून, वर उघडल्याची तारीख लिहून परत देतात. जुनं ऑइल पिंपात जमवून भंगार ऑइल गोळा करणाऱ्याला देतात, गटारात सोडत नाहीत. हे मी मुद्दाम विचारलं होतं.

तिथल्या अडचणीही लिहायला हव्यात. बसायला एक स्टूल, पंखा नाही, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह अजिबात नाही. शेजारच्या फौंड्रीच्या ऑफिसात विचारून जावं लागलं. चार तास थांबायचं तर हे सोपं नाही, विशेषतः माझ्या वयाच्या बाईला. मी मिस्त्रींना तसं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पण सप्टेंबरपर्यंत काही झालं नव्हतं. वेळ ठरवून गेलं तरी पाऊणएक तास उशीर होतो. जुलैच्या खेपेला पावसाचं पाणी गल्लीत साचलं होतं आणि काम दुसऱ्या दिवसावर गेलं. पन्नास किलोमीटर रिकामं परत यावं लागलं. आदल्या रात्री एक फोन करता आला असता.

गाडीचं काय झालं? पहिल्या बदलानंतर थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. मी निराश झाले होते. मिस्त्रींनी तेव्हाही धीर देण्यासाठी खोटं सांगितलं नाही. “पट्ट्याला किंवा पुलीला मार बसला असला तर ऑइलनं काही होणार नाही मॅडम. दुसऱ्या खेपेला बोल्टवर काय येतंय ते बघू.” दुसऱ्या खेपेला लेप निम्म्याहून कमी होता. तिसऱ्या खेपेला बोल्ट पुसल्यासारखा. माझ्याकडे खिडकीत तीन बाटल्या ओळीने उभ्या आहेत, लेबलं लावलेल्या. पहिली काळपट, तिसरीतून मागची जाळी दिसते. गणपती झाल्यावर देवरुखला जाऊन आले. येताना साखरप्यापासून आंब्यापर्यंत खिडकी उघडी ठेवून, कान देऊन गाडी चालवली. त्याच वळणावर मुद्दाम हळू केली, हलका ॲक्सिलरेटर दिला. गाडी गुळगुळीत वर चढली. इंजिनाचा आवाज आणि गाडीची ओढ एकत्र. पुढे चहाच्या टपरीपाशी थांबले नाही.

याचा अर्थ आतून काहीच झिजलं नाही, असा मी घेत नाही. मधल्या चार-पाच महिन्यांत जे झिजलं असेल ते झिजलं.

शेवटच्या खेपेचं बिल माझ्यासमोर आहे. वहीतलं पान, कार्बन घालून दोन प्रती, निळं बॉलपेन. त्यावर लिहिलंय: होंडा एचसीएफ-२, ३ लि. ४०० मिली, डब्यावरचा बॅच नंबर, निघालेलं माप, घातलेलं माप, वॉशर नवीन १, किलोमीटर ६८,२१०, सही. तेवढंच बॉनेटखाली एका प्लास्टिकच्या पट्टीवर लिहून तारेने बांधलं आहे, म्हणजे पुढे ही गाडी कोणाच्याही हातात गेली तरी त्याला विचारत फिरायला नको.

नाव नसतानाही कोणी शोधत गेलंच तर, गॅरेज सोमवारी बंद. सकाळी दहाच्या आत पोचा, गाडीचं पुस्तक बरोबर न्या, आणि स्त्रिया जाणार असतील तर स्वच्छतागृहासाठी तावडे हॉटेलच्या चौकाआधीच कुठेतरी थांबून घ्या.